माणसाला सक्ती, फाइलला मोकळीक

जून-जुलैत प्रवेश, शिष्यवृत्ती आणि भरतीचे अर्ज एकदम सुरू झाले, की सोलापुरातल्या झेरॉक्सच्या दुकानांत आणि महा ई-सेवा केंद्रांत एक मागणी सारखी कानावर येते : ‘फोटो पन्नास केबीत बसवून द्या.’ मागणारा कधी वालचंद महाविद्यालयात किंवा विद्यापीठात प्रवेश घेऊ पाहणारा विद्यार्थी असतो, कधी मुलीचा अर्ज घेऊन अक्कलकोटहून आलेला बाप असतो, कधी विडी कारखान्यातून दोन तास सुटी काढून आलेली बाई असते. दुकानदार फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवतो, कडा कापतो, वजन उतरवतो, कोऱ्या कागदावरची सही स्कॅन करतो आणि अर्जाच्या पानावर चढवतो. ‘फाइल अमान्य’ असे लाल अक्षरांत आले, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. बँकांच्या भरतीसाठी आयबीपीएस जे अर्ज मागवते त्यांत फोटोसाठी २०० × २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी, सहीसाठी १४० × ६० पिक्सेल आणि १० ते २० केबी अशी मापे दिलेली असतात. फोनने काढलेला फोटो दोन ते चार एमबीचा असतो. तो पन्नास-साठ पटींनी लहान करण्याचे काम ज्याच्याकडे ना साधन आहे ना सवय, त्याच्यावर टाकलेले असते.

वेब अ‍ॅप्लिकेशन बनवताना ‘फोटो अपलोड’चा चौकोन हा शेवटच्या आठवड्यात उरकायचा भाग मानला जातो. लॉगिन, पैसे भरणे, अहवाल यांवर महिने जातात. फोटोच्या वाट्याला एक दुपार येते. या लेखात त्या चौकोनाचा सगळा पट पाहायचा आहे, म्हणजे फोटो फोनमधून निघतो तिथपासून तो कुठे साठतो, कोण पाहतो आणि कधी पुसला जातो तिथपर्यंत. सगळे पाहून झाल्यावर माझे मत एकच बनले आहे : चांगली व्यवस्था माणसाशी सौम्य आणि फाइलशी कठोर असते, आणि आपल्याकडे फार ठिकाणी नेमके याच्या उलट चालते. अर्जदाराला केबी, पिक्सेल आणि फाइलच्या नावातल्या मोकळ्या जागेपर्यंत सगळे नियम लावले जातात. एकदा त्या मापात बसले की आत आलेली फाइल खरोखर चित्र आहे का, हे मात्र कुणी उघडून पाहत नाही.

केबीच्या सक्तीचा सर्वांत मोठा तोटा वेळेचा नाही. ज्यांना दुकानात जायचे नसते ते ‘फोटो वीस केबी’ असे शोधतात आणि समोर येईल त्या फुकट संकेतस्थळावर आपला फोटो, सही, आधार कार्ड, जातीचा दाखला चढवतात. ते संकेतस्थळ कुणाचे, सर्व्हर कुठल्या देशात, फाइल तासाभरात पुसतात की ठेवून घेतात, याची त्यांना काही कल्पना नसते. दुकानात गेले तर तीच कागदपत्रे दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आणि ‘डाउनलोड्स’च्या फोल्डरमध्ये राहतात. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही, तो पडेल ते काम प्रामाणिकपणे करतो. पण एका अर्जाच्या नियमाने लाखो लोकांच्या सह्या आणि ओळखपत्रे तिऱ्हाइतांच्या हाती सोपवली, हे तो नियम लिहिणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

मर्यादा आली कशासाठी, तेही पाहू. एकेकाळी साठवण महाग होती आणि जोडणी संथ. तेव्हा लहान फाइल मागणे योग्यच होते; आज ती कारणे उरली नाहीत, अट मात्र उरली. किमान २० केबीची अट त्याहून विचित्र आहे. फोटो पुसट असू नये म्हणून ती घातली जाते, पण केबीवरून स्पष्टपणा कळत नाही. हललेला, अंधुक फोटो चाळीस केबीचा असू शकतो आणि पांढऱ्या कागदावरची स्वच्छ सही आठ केबीत बसू शकते. चेहरा ओळखू यावा असे वाटत असेल तर लांबी-रुंदीचे पिक्सेल मोजावेत आणि फोटो अर्जदाराला मोठा करून दाखवून ‘चेहरा नीट दिसतो का?’ असे विचारावे.

लहान करण्याचे काम आज ब्राउझरच करू शकतो. निवडलेला फोटो पानावरच्या अदृश्य कॅनव्हासवर हव्या त्या मापात काढायचा आणि त्याची नवी जेपेग बनवून तीच पाठवायची, यासाठी काही मोजक्या ओळींचा कोड लागतो. चार एमबीचा फोटो फोनमधून बाहेर पडण्याआधीच दीडदोनशे केबींचा होतो. अर्जदाराचा डेटा वाचतो आणि सर्व्हरवरचा भारही हलका होतो. कडा कापण्याची चौकट, फोटो वळवण्याचे बटण, आधी दिसणारा नमुना या गोष्टी पानावरच दिल्या की दुकानापर्यंतची फेरी वाचते. ज्या संस्थेने हे केले नाही तिने आपले काम अर्जदाराच्या गळ्यात घातले आहे, असेच मी म्हणेन.

फाइल चढवण्याची सोय वेबमध्ये जन्मापासून नव्हती. झेरॉक्स कंपनीतल्या नेबेल आणि मॅसिंटर यांनी नोव्हेंबर १९९५ मध्ये आरएफसी १८६७ हा प्रस्ताव मांडला आणि फॉर्ममधून फाइल पाठवण्याची पद्धत त्यात पहिल्यांदा नीट लिहिली गेली. अर्जातली नाव-पत्त्याची माहिती आणि फाइलचे बाइट एकाच पाठवणीत, मध्ये दुभाजक घालून पाठवायचे, हे ‘मल्टिपार्ट’ तंत्र आजही तसेच चालते. २०१५ च्या आरएफसी ७५७८ ने त्याला सध्याचे रूप दिले. फाइलसोबत तिचे नाव आणि ‘ही जेपेग आहे’ अशी चिठ्ठी पाठवणारा ब्राउझर असतो, म्हणजेच पाठवणारा माणूस. ही चिठ्ठी कुणीही हवी तशी लिहू शकतो, आणि पुढचे बरेचसे अनर्थ तिच्यावर विश्वास ठेवल्याने झालेले आहेत.

आता फाइलशी कठोर होणे म्हणजे काय ते सविस्तर पाहू, कारण आपल्याकडच्या प्रशिक्षणात हाच भाग सर्वांत कच्चा राहतो. नावाच्या शेवटी ‘डॉट जेपीजी’ आहे का, एवढे पाहून फाइल घेणारी अ‍ॅप्लिकेशन्स आजही पुष्कळ आहेत. नाव बदलायला दोन सेकंद लागतात. त्यापुढची पायरी म्हणजे फाइलचे पहिले बाइट पाहणे : जेपेग ‘एफएफ डी८ एफएफ’ने सुरू होते, पीएनजी ‘८९ ५० ४ई ४७’ने, आणि जिफच्या तोंडाशी ‘जीआयएफ८९ए’ अशी अक्षरेच असतात. आयफोनवरून येणारी एचईआयसी फाइल नाव बदलून जेपीजी म्हणून चढवलेली असली, तर ती इथे कळते. २०१७ पासून आयफोन हाच प्रकार वापरतात आणि अर्जदाराला त्याची माहितीही नसते, म्हणून अशी फाइल नाकारण्यापेक्षा सर्व्हरने ती जेपेगमध्ये बदलून घ्यावी. सौम्य आणि कठोर या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी कशा जमतात त्याचे हे उदाहरण आहे.

पण पहिले बाइटही पुरेसे नाहीत. सुरुवात खऱ्या चित्राची आणि पोटात पीएचपीचा कोड अशी फाइल बनवता येते. ती ‘अपलोड्स’ नावाच्या फोल्डरात पडली आणि त्या फोल्डरातल्या पीएचपी फाइली चालवण्याची मुभा सर्व्हरला असली, की बाहेरचा माणूस पत्ता टाकून ती चालवतो आणि सगळा सर्व्हर त्याच्या ताब्यात जातो. लहान संस्थांची संकेतस्थळे हॅक होतात ती बहुधा अशा जुन्या, साध्या वाटांनी. या दोषाला ‘सीडब्ल्यूई-४३४’ असा क्रमांक आहे आणि त्यावरचे उपाय अनेक वर्षांपासून लिहून ठेवलेले आहेत. चढवलेली फाइल वेब फोल्डरच्या बाहेर ठेवावी. तिथे काहीही चालवण्याची परवानगी नसावी. फाइल देताना ‘प्रकार ओळखण्याचा प्रयत्न करू नकोस’ अशी सूचना ब्राउझरला द्यावी. शक्य असेल तर चित्रे वेगळ्या डोमेनवरून द्यावीत. गूगल वापरकर्त्यांच्या फाइली गूगलयूजरकंटेंट डॉट कॉमवरून आणि गिटहब गिटहबयूजरकंटेंट डॉट कॉमवरून देते, ते याच कारणासाठी.

आणखी एक खात्रीचा उपाय म्हणजे आलेले चित्र उघडायचे, त्याचे पिक्सेल वाचायचे, त्या पिक्सेलांची कोरी नवी फाइल लिहायची आणि मूळ फाइल टाकून द्यायची. चित्रासोबत आलेले बाकी सगळे वाटेतच गळून पडते. यात एक पेच आहे आणि तो लपवू नये. चित्र उघडणे हेसुद्धा धोक्याचे काम आहे. मे २०१६ मध्ये इमेजमॅजिक या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनात ‘इमेजट्रॅजिक’ नावाने गाजलेला दोष सापडला. जेपीजी नावाच्या फाइलमध्ये लिहिलेला मजकूर सर्व्हरवर आज्ञा म्हणून चालत होता. सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपी या वेबपी चित्रे उघडणाऱ्या लायब्ररीत असाच गंभीर दोष निघाला आणि क्रोम, फायरफॉक्ससह असंख्य प्रोग्रॅम घाईने दुरुस्त करावे लागले. म्हणून चित्र उघडण्याचे काम मुख्य अ‍ॅप्लिकेशनपासून वेगळ्या, मेमरी आणि वेळ बांधून दिलेल्या प्रक्रियेत करावे आणि ही साधने नियमाने अद्ययावत ठेवावीत. एसव्हीजीबद्दल माझे मत सरळ आहे. ते चित्र असले तरी आत मजकूर असतो, त्यात स्क्रिप्ट लिहिता येते, आणि अर्जदाराच्या फोटोसाठी त्याची काहीच गरज नसते. ते घेऊच नये.

मेमरीचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. बारा मेगापिक्सेलचा फोटो ४००० × ३००० पिक्सेलांचा असतो. फाइल तीन एमबीची दिसली, तरी उघडल्यावर प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट लागतात, म्हणजे ३६ एमबी. पंचवीस जणांनी एकाच क्षणी फोटो चढवला तर ९०० एमबी केवळ चित्रांनी व्यापली. दोन जीबीच्या भाड्याच्या सर्व्हरवर शेवटच्या दिवशी संध्याकाळी ‘साइट हँग झाली’ असे का ऐकू येते, त्याचे उत्तर बरेचदा या गुणाकारात सापडते. कुणी मुद्दाम करायचे ठरवले तर आणखी सोपे आहे. २०,००० × २०,००० पिक्सेलांची एकरंगी करडी पीएनजी काहीशे केबींत मावते, पण पूर्ण रंगांत उघडली की तिला १.२ जीबी लागते. पायथनमधली पिलो ही लायब्ररी सुमारे ९ कोटी पिक्सेलांपुढे इशारा देते आणि त्याच्या दुपटीपुढे थांबते. आपणही उघडण्याआधी चित्राच्या डोक्यातली लांबी-रुंदी वाचून मर्यादा घालावी. लहान चित्रे बनवण्याचे काम रांगेत लावून मागे करावे; अर्जदाराला ‘फोटो मिळाला’ एवढी पोच लगेच द्यावी.

मर्यादा किती ठिकाणी लपलेल्या असतात तेही ठाऊक हवे. एनजिनएक्स सर्व्हर मूळ मांडणीत १ एमबीपुढची पाठवणी अडवतो, पीएचपी २ एमबीपुढची फाइल घेत नाही. पानावर ‘५ एमबीपर्यंत’ असे लिहिलेले असते आणि दीड एमबीच्या फोटोला ‘४१३’ असा आकडा असलेले कोरे इंग्रजी पान समोर येते. अर्जदाराला वाटते आपलेच काही चुकले. चूक कुणाची, पुढे काय करायचे आणि भरलेली बाकीची माहिती शाबूत आहे का, या तीन गोष्टी मराठीत सांगणारा संदेश लिहिणे हा तांत्रिक कामाचाच भाग आहे.

फाइलच्या नावाचा प्रश्न मराठीत वेगळा होतो. ‘शेतकऱ्याचा फोटो’ हे नाव दोन प्रकारे टंकता येते : एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असते, दुसऱ्यात साधा ‘र’ आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाला ती दोन वेगळी नावे असतात. एका यंत्रावर सापडणारी फाइल दुसरीकडे ‘नाही’ म्हणून दाखवली जाते, ती अशा वेळी. काही विकासक यावर उपाय म्हणून देवनागरी नावेच नाकारतात. तसे करू नये. मूळ नाव माहितीच्या तक्त्यात जसेच्या तसे जपावे आणि साठवताना फाइलला स्वतः बनवलेले, अंदाज न येणारे नाव द्यावे. नावात ‘../’ घालून दुसऱ्या फोल्डरात शिरण्याची वाटही त्याने बंद होते.

सोलापूर जिल्ह्यात फोटो चढवण्याची खरी कसोटी शेतात लागते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली. पूर्वी तलाठी सातबाऱ्यावर पीक नोंदवत. आता शेतकरी स्वतःच्या फोनवरून पिकाचा फोटो काढतो आणि सोबत अक्षांश-रेखांश जातात. पुढे शेताच्या ५० मीटरच्या आतूनच फोटो काढण्याची अट आली. ही नोंद नसेल तर विमा, नुकसानभरपाई, हमीभावाने विक्री या सगळ्यांत अडचण येते. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारीच्या धाटांत उभे राहून फोटो काढणे सोपे आहे, पण तिथून तो पाठवायला नेटवर्क लागते. म्हणून शेतात नोंद करून ठेवायची आणि गावात आल्यावर पाठवायची, ही सोय अशा अ‍ॅपमध्ये जीवनावश्यक आहे. शहरात बसून वेब अ‍ॅप्लिकेशन लिहिणाऱ्यांनी तिथून पुष्कळ शिकावे. फोटो आधी फोनमध्येच सुरक्षित ठेवावा, मग पाठवावा. मोठी फाइल तुकड्यांत पाठवावी, म्हणजे जोडणी तुटली तर राहिलेल्या तुकड्यापासून पुढे जाता येते. ‘टस’ नावाची खुली पद्धत यासाठी २०१३ पासून उपलब्ध आहे. प्रत्येक फोटोला फोनमध्येच एक खास क्रमांक द्यावा, म्हणजे पोच न मिळाल्याने तोच फोटो तीनदा पाठवला गेला तरी नोंद एकच होईल. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला तेव्हा माढा, करमाळा, मोहोळ या तालुक्यांत पिकाबरोबर मातीही वाहून गेली. अशा आपत्तीत नुकसानीचे फोटो एकाच आठवड्यात, खराब जोडणीवरून आणि थकलेल्या माणसांकडून येतात. व्यवस्थेची आखणी त्या आठवड्यासाठी झालेली असली पाहिजे.

दुसरे उदाहरण रोजगार हमीचे. १९७२ च्या दुष्काळात सोलापूरसारख्या जिल्ह्यांतल्या लोकांना खडी फोडण्याच्या आणि रस्त्यांच्या कामांनी जगवले, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले. तेव्हाची हजेरी कागदी हजेरीपटावर लागे. मनरेगात १ जानेवारी २०२३ पासून जवळपास सर्व सार्वजनिक कामांवर एनएमएमएस अ‍ॅपद्वारे दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो चढवून हजेरी लावणे सक्तीचे झाले. खोटी हजेरी थांबावी हा हेतू. ८ जुलै २०२५ रोजी केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने राज्यांना लिहिलेल्या पत्रात गैरप्रकारांची यादीच दिली : कामाशी संबंध नसलेले फोटो, जिवंत दृश्याऐवजी फोटोचाच फोटो, एकच फोटो अनेक हजेरीपटांना, प्रत्यक्ष मजूर आणि नोंदलेली संख्या यांत फरक, दुपारचा फोटोच नाही. लाखो फोटो रोज चढत होते आणि ते नीट पाहणारे कुणी नव्हते.

तंत्राने यातले काही पकडता येते. फाइलचा एसएचए-२५६ ठसा काढला की तोच फोटो पुन्हा आल्याचे क्षणात कळते. थोडा कापलेला, पुन्हा दाबलेला फोटो ओळखण्यासाठी चित्राच्या ढोबळ आकृतीवरून काढलेला ठसा वापरतात. फोटोतल्या ठिकाणाची नोंद खोटी करता येते, म्हणून ती एकटी पुरावा मानू नये. पण फोटोत दिसणारे लोक खरोखर तिथे राबत होते का, हे शेवटी माणसानेच नमुने उघडून पाहायचे असते. आणि ज्या दिवशी फोटो चढला नाही त्या दिवसाची मजुरी बुडणे हा सरळ अन्याय आहे. अपलोड अयशस्वी झाल्याचा भार व्यवस्थेने उचलावा, दिवसभर उन्हात काम केलेल्या बाईने नव्हे.

पुन्हा भरतीच्या अर्जांकडे वळू. कर्मचारी निवड आयोगाने २०२४ पासून अर्ज भरतानाच कॅमेऱ्यासमोर बसवून थेट फोटो घ्यायला सुरुवात केली. केबीची कटकट त्याने संपते. अंधारी खोली आणि खराब कॅमेरा यांची कटकट मात्र सुरू होते.

चढवलेला फोटो कधी कधी आडवा दिसतो, त्याचे कारण थोडक्यात सांगतो. फोन चित्र बहुधा एकाच दिशेने साठवतो आणि ‘दाखवताना इतके वळवा’ अशी टीप एक्झिफ नावाच्या माहितीत लिहितो. सर्व्हरने ती टीप न वाचताच पुसली की फोटो कुशीवर झोपतो. आधी वळवावे, मग पुसावे.

त्याच एक्झिफमध्ये फोटो काढल्याचे ठिकाणही असू शकते. डिसेंबर २०१२ मध्ये फरार असलेला उद्योजक जॉन मॅकॅफी याचा फोटो एका मासिकाने संकेतस्थळावर टाकला आणि फाइलमधल्या अक्षांश-रेखांशांवरून तो ग्वाटेमालात असल्याचे जगाला कळले. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवले तर ही माहिती निघून जाते; ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले तर तशीच राहते. शाळेच्या संकेतस्थळावर पालकांनी चढवलेल्या मुलांच्या फोटोंमधून त्यांच्या घरांचे ठिकाण बाहेर जाऊ नये, याची काळजी शाळेच्या अ‍ॅप्लिकेशननेच घ्यायला हवी. ई-पीक पाहणीत ठिकाण हाच हेतू असतो, तिथे ते माहितीच्या तक्त्यात वेगळे जपावे आणि दाखवायच्या चित्रातून काढून टाकावे.

साठवायचे कुठे, यावर वाद पुष्कळ होतात आणि उत्तर बहुधा सोपे असते. चित्रे डेटाबेसमध्ये कोंबली की बॅकअप अवजड होतो; बेस६४ करून कोंबली तर आकार आणखी एक तृतीयांशाने वाढतो. लहान संस्थेला सर्व्हरवरचा वेगळा फोल्डर पुरतो. मोठ्या कामासाठी अ‍ॅमेझॉनने २००६ मध्ये सुरू केलेल्या एस३ सारखी ऑब्जेक्ट साठवण बरी. तिथे थोड्या वेळापुरता चालणारा सहीबंद पत्ता देऊन ब्राउझरकडून फाइल थेट चढवून घेता येते.

खरा प्रश्न आहे कोण पाहू शकतो हा. अर्ज क्रमांक १०४२ चे आधार कार्ड ‘१०४२ डॉट जेपीजी’ या नावाने उघड्या पत्त्यावर ठेवले, तर १०४३ टाकून शेजाऱ्याचे आधारही पाहता येते. अमेरिकेतल्या फर्स्ट अमेरिकन या कंपनीच्या संकेतस्थळावर पत्त्यातला आकडा बदलून घरखरेदीची सुमारे ८८.५ कोटी कागदपत्रे कुणालाही पाहता येत होती, हे २०१९ मध्ये उघड झाले. जुलै २०२५ मध्ये ‘टी’ या स्त्रियांसाठीच्या अ‍ॅपमधली सुमारे ७२,००० चित्रे बाहेर पडली; त्यांतली सुमारे १३,००० ओळख पटवण्यासाठी घेतलेल्या सेल्फी आणि ओळखपत्रांची होती. ती एका जुन्या, कुलूप न लावलेल्या साठवणीत पडून होती. ओळख पटवून झाल्यावर ती चित्रे ठेवण्याची गरजच नव्हती, हे त्यातले सर्वांत वाईट. आपल्याकडे डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहितीच्या सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. महाविद्यालयाने प्रवेश संपल्यावर, पतसंस्थेने खाते पडताळल्यावर कुठली चित्रे कधी पुसायची याची तारीख आधीच ठरवावी, आणि बॅकअपमधूनही पुसावी.

काही चित्रे मात्र सगळ्या जगाने पाहावीत म्हणूनच चढवली जातात, आणि इथे सोलापूरचे यंत्रमागधारक येतात. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोहोंना भौगोलिक मानांकन आहे. पूर्वभागातले आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतले कारखानदार आता ऑनलाइनही माल विकतात. चादरीचा फोटो हा चेहऱ्याच्या फोटोपेक्षा अवघड असतो. जेपेग बचतीसाठी रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा विरळ साठवते. चेहऱ्यात ते कळत नाही, पण लाल सुताला काळे सूत भिडते तिथे रंग पसरतो आणि जॅकार्डची रेखीव बॉर्डर मळकट दिसते. विणीचा फोटो कसाही लहान केला की त्यावर नसलेल्या लाटा उमटतात. लहान करण्यासाठी चांगली गाळणी निवडली तर त्या टळतात. नवे फोन विस्तृत रंगपट्ट्यात फोटो काढतात. सर्व्हरने रंगाची नोंद पुसली आणि रूपांतर केले नाही, तर रंग फिके पडतात आणि ग्राहक ‘फोटोत वेगळी होती’ म्हणून चादर परत पाठवतो. आधी एसआरजीबीत रूपांतर, मग बाकीची माहिती पुसणे, असा क्रम ठेवावा आणि रंगाची विरळणी बंद करून थोडी मोठी फाइल पत्करावी.

चित्राला ठिपक्यांत मोडून यंत्राला सांगण्याची विद्या या शहराला नवी नाही. जॅकार्डच्या मागावर भोकाच्या पत्त्यांनी नक्षी उतरते. १८३९ मध्ये ल्यों शहरात या मागाचा जनक जॅकार्ड याचेच चित्र सुमारे २४,००० पत्ते वापरून रेशमात विणले गेले आणि गणनयंत्रांचा आराखडा मांडणाऱ्या चार्ल्स बॅबेजने त्याची प्रत मोठ्या कौतुकाने जपली होती.

एकच चित्र यादीत, मालाच्या पानावर आणि मोठे करून पाहताना वेगवेगळ्या मापांत लागते. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१० मध्ये लिहिले, की चढवलेल्या ६५ अब्ज फोटोंची प्रत्येकी चार मापे मिळून २६० अब्ज चित्रे साठवावी लागतात. लहान दुकानालाही हाच न्याय लागू आहे : तीन-चार मापे एकदाच बनवून ठेवावीत, वेबपीची प्रत द्यावी आणि सोबत ‘लाल-काळी जॅकार्ड चादर, मोरांची नक्षी’ असे वर्णन लिहावे, म्हणजे न दिसणाऱ्या ग्राहकालाही माल कळतो.

सोलापुरात अभियांत्रिकीची मुले दरवर्षी अंतिम वर्षाच्या प्रकल्पात कुणाची ना कुणाची वेब अ‍ॅप्लिकेशन्स बनवतात, आणि त्यातली काही पुढे शाळा, पतसंस्था, रुग्णालये वापरतात. त्यांच्या शिक्षकांना आणि अर्ज मागवणाऱ्या प्रत्येक संस्थेला माझी विनंती आहे. अर्ज खुला करण्याच्या आधी एका दिवशी कार्यालयातल्या वायफायवरून उठा, पाच-सहा वर्षे जुना फोन घ्या, मोबाइल डेटावर एखाद्या गावातून मूळ आकाराचा फोटो आणि देवनागरी नावाची फाइल चढवून पाहा. मग जेपीजी नाव दिलेली एक मजकुराची फाइल चढवून पाहा. पहिली गेली नाही किंवा दुसरी गेली, तर अर्ज खुला करू नका.